अभिरुचीचा अंमल : नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि सरकारी नियमन

भारतात अश्लीलतेसंबंधीचा कायदा जुना आहे आणि त्यावर न्यायालयांत झालेली चर्चाही विपुल आहे. परंतु नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या दोन माध्यमांवर सरकारने जे नियंत्रण ठेवले, ते प्रामुख्याने या कायद्याच्या आधारे ठेवलेले नाही. पुस्तकाच्या आणि मासिकाच्या बाबतीत अश्लीलता हा गुन्हा मानला गेला, त्यामुळे तो सिद्ध करणे सरकारला भाग पडले, आरोपीला बाजू मांडता आली आणि निकालाची कारणे न्यायाधीशांना लिहून द्यावी लागली. आकाशवाणी आणि नंतरच्या केबल वाहिन्या यांच्या बाबतीत मात्र गुन्ह्याच्या जागी अभिरुची आली आणि न्यायासनाच्या जागी माहिती व नभोवाणी मंत्रालय आले. हा बदल कोणत्या टप्प्यांनी घडला, त्यात मराठी माणसांचा आणि मुंबई उच्च न्यायालयाचा वाटा काय होता, आणि आजच्या प्रेक्षकाच्या हाती त्यातून काय उरले आहे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

छापील मजकुरापासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण तेथील वाट तुलनेने स्पष्ट आहे. इंग्लंडमधील १८६८ च्या हिक्लिन खटल्यात अशी कसोटी ठरली की, ज्यांचे मन सहज बिघडू शकते अशांच्या हाती एखादा मजकूर पडला तर त्यांना भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती त्या मजकुरात आहे काय, एवढेच पाहायचे. मोजमाप समाजातील सर्वांत दुबळ्या वाचकाचे, आणि तपासणी बहुधा सुट्या उताऱ्यांची, असा या कसोटीचा व्यवहारातील अर्थ झाला. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण यांविषयी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवणारे र. धों. कर्वे यांच्यावर याच वातावरणात खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरीही शिक्षा टळली नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी विकली म्हणून झालेल्या खटल्यात, रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये हिक्लिन कसोटी थोड्याफार दुरुस्तीने कायम ठेवली. पण पाचच वर्षांनी त्याच न्यायालयापुढे मराठीतील एक कथा आली. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेबद्दल उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. समाजाची मापे झपाट्याने बदलत आहेत आणि केवळ लैंगिक उल्लेख आला म्हणून लेखन अश्लील ठरत नाही, हे त्या निकालाचे सार होते. पुढे २०१४ च्या अवीक सरकार प्रकरणात हिक्लिन कसोटी अधिकृतपणे बाजूला ठेवून समकालीन समाजाचे मापदंड ही कसोटी स्वीकारण्यात आली. भारतीय दंड संहितेचे कलम २९२ आज भारतीय न्याय संहितेत कलम २९४ म्हणून वावरते, पण त्यामागे या सगळ्या निकालांचे ओझे आहे आणि ते ओझे पोलिसांना व सरकारला वाहावे लागते. २०१५ मध्ये वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने थोर ऐतिहासिक व्यक्तींच्या बाबतीत हे माप अधिक कडक केले, आणि तो निकाल अनेकांना पटला नाही. तरी त्याची कारणे छापलेली आहेत, ती वाचता येतात आणि त्यांच्याशी वाद घालता येतो.

नभोवाणीच्या बाबतीत असा वाद घालण्याची सोयच सुरुवातीला नव्हती. १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला होता आणि बिनतारी प्रसारणही त्यातच मोडले. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालेले खासगी कंपनीचे केंद्र आर्थिक ओढाताणीत बुडाले, सरकारने प्रसारण आपल्या हाती घेतले आणि १९३६ मध्ये त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. मालक स्वतः सरकारच असल्यावर सेन्सॉरची वेगळी गरज उरत नाही. जे नको ते लावायचेच नाही, एवढे पुरते. एखादे पुस्तक जप्त झाले तर ते जप्त झाल्याचे निदान कळते, परंतु रेडिओवर जे वाजलेच नाही त्याची नोंद कोठेही राहत नाही, आणि म्हणून नभोवाणीवरील सरकारी नियमनाचा इतिहास हा बराचसा न वाजलेल्या गोष्टींचा इतिहास आहे.

त्यातील काही गोष्टी मात्र गाजल्यामुळे कळल्या. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली. हे वाद्य भारतीय श्रुतींना न्याय देत नाही, असे तिचे कारण होते, आणि महाराष्ट्रात, जेथे संगीत नाटकाने पेटीला घराघरांत नेले होते, तेथे ही बंदी चमत्कारिकच वाटली असणार. हा प्रश्न अश्लीलतेचा नव्हता, पण श्रोत्यांनी काय ऐकावे हे कार्यालयाने ठरवण्याची सवय त्यात दिसते. ही सवय नैतिकतेकडे वळायला वेळ लागला नाही. १९४६ मध्ये हंगामी सरकारात माहिती व नभोवाणी खाते सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे असताना, ज्यांचे खासगी जीवन लोकांत बदनाम आहे अशा कलाकारांना आकाशवाणीवर गाऊ देऊ नये, असा आदेश निघाला. येथे गाण्याचे शब्द तपासले गेले नाहीत, सूर तपासले गेले नाहीत. गाणाऱ्या बाईचे आयुष्य तपासले गेले. ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ठुमरी, दादरा आणि बैठकीची लावणी सांभाळली, त्यांच्या कलेला त्यांच्या जन्मावरून आणि पेशावरून बाहेर ठेवणारे हे नियमन कोणत्याही अश्लीलतेच्या कायद्यात बसले नसते, आणि तशी गरजही नव्हती. याच सुमारास मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली, ती पुढे सुधारणेच्या अटीवर उठली आणि १९५४ पासून प्रयोगांच्या संहिता तपासणारे परिनिरीक्षण मंडळ उभे राहिले, हा काळाचा जोडधागा लक्षात घेण्यासारखा आहे.

या वृत्तीचे सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत हट्टी रूप म्हणजे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्यात जन्मलेले आणि पॅरिसमध्ये शिकलेले केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती व नभोवाणी मंत्री होते, आणि या खात्यात इतका दीर्घ काळ इतक्या ठाम मताने राहिलेला मंत्री दुसरा सापडणे कठीण. हिंदी चित्रपटगीते दिवसेंदिवस उथळ, पाश्चात्त्यांची नक्कल करणारी आणि शृंगारात घसरणारी होत चालली आहेत, असे त्यांचे मत होते. त्यांनी अशा गीतांचा वाटा कमी केला, गाणी निवडून लावण्याची पद्धत आणली आणि निर्मात्यांशी वाद होऊन चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते थांबले नाहीत. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि भारत सरकारच्या कक्षेबाहेरील एका बेटावरून भारतीय गाणी भारतीय घरांत येऊ लागली. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. नियमनाची मर्यादा भूगोलावर ठरते, हा धडा उपग्रह आणि इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी मिळालेला आहे.

केसकरांना मात्र निव्वळ खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलने त्यांच्याच काळातील. सुगम संगीताला त्यांनी मुद्दाम जागा दिली. आणि पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ पासून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' आठवड्यामागून आठवडा प्रसारित झाले, तेही याच कारकिर्दीत. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या केंद्राने उत्तम तेच द्यावे, हा आग्रह गैर नव्हता. गैर होते ते एवढेच की, उत्तम घडवण्याचा अधिकार आणि वाईट रोखण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळात कोणी वेगळे करून पाहिले नाही. आणि जेव्हा प्रसारण सरकारच्या हातून खासगी वाहिन्यांकडे गेले, तेव्हा पहिला अधिकार सुटला तरी दुसरा मात्र मंत्रालयाने जपून ठेवला.

दूरदर्शनचा काळ तुलनेने थोडक्यात सांगता येतो. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील दोन दशके घराघरांतील एकमेव वाहिनी सरकारी असल्यामुळे सभ्यतेचा प्रश्न सरकारी आचारसंहितेतच मिटत असे. त्या काळातील दोन महत्त्वाचे वाद अश्लीलतेचे नव्हते, पण नियमनाचे तत्त्व त्यांतूनच स्पष्ट झाले. 'होनी अनहोनी' ही मालिका अंधश्रद्धा पसरवते म्हणून ती थांबवावी, अशी मागणी लोकविज्ञान संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात केली. तेथे मनाई मिळाली, पण सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ती उठवली आणि दूरदर्शनवर कार्यक्रम दाखवण्याच्या नागरिकाच्या हक्कालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असे सांगितले. पुरोगामी संघटनेलाही कात्रीसाठी न्यायालयात जावेसे वाटले, ही बाब सहज विसरली जाते. त्याच वर्षी फाळणीवरील 'तमस' मालिका थांबवण्याच्या मागणीचा प्रश्न आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहून प्रसारणाला परवानगी दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम करताना, नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४७ च्या सुमारास मांडलेले माप स्वीकारले : परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या नजरेने, प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या डळमळीत मनाच्या नजरेने नव्हे. हिक्लिन कसोटीच्या नेमके उलट टोकाचे हे माप आहे.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, गल्लोगल्ली केबलच्या तारा टाकल्या गेल्या आणि हा सगळा व्यवहार कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियम, १९९५ करण्यात आला. त्याच्या कलम ५ नुसार कार्यक्रम संहिता आणि कलम ६ नुसार जाहिरात संहिता पाळणे बंधनकारक आहे, आणि या संहिता १९९४ च्या नियमांपैकी नियम ६ व ७ मध्ये दिलेल्या आहेत. नियम ६ मधील अगदी पहिली मनाई वाचण्यासारखी आहे : जो कार्यक्रम सुरुचीला किंवा सभ्यतेला बाधा आणतो, तो दाखवू नये. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ च्या दुसऱ्या खंडात अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची जी कारणे मोजून दिली आहेत, त्यांत सभ्यता आणि नीतिमत्ता आहेत, सुरुची नाही. घटना तयार करणाऱ्यांनी जी गोष्ट नागरिकाच्या स्वतःच्या निवडीवर सोडली, ती एका मंत्रालयाच्या नियमाने परत आणली. खासगी एफएम केंद्रांनाही परवान्याच्या करारातून आकाशवाणीचीच संहिता लागू होते. केसकरांचा काळ संपला, तरी मापपट्टी तीच राहिली.

या कायद्याची अंमलबजावणी दिल्लीतून होते, असा समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. कायद्याने 'प्राधिकृत अधिकारी' म्हणून जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलिस आयुक्त यांना नेमले आहे. संहितेचा भंग झाला असे वाटल्यास स्थानिक केबलचालकाला प्रसारण थांबवायला सांगण्याचा अधिकार त्यांना आहे. चाकणजवळच्या महाळुंग्याचे उदाहरण घेतले, तर हा अधिकार पुण्याचे जिल्हाधिकारी, खेडचे प्रांताधिकारी आणि १५ ऑगस्ट २०१८ पासून अस्तित्वात आलेल्या पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयाचे आयुक्त यांच्याकडे जातो. महसूल, कारखान्यांची जमीन, वाहतूक कोंडी आणि गुन्हेगारी यांत गुंतलेल्या या अधिकाऱ्यांकडून कोणत्या गाण्यात सुरुचीची मर्यादा ओलांडली हे ठरवण्याची अपेक्षा ठेवली आहे. केंद्राने २००५ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमण्यास सांगितले, त्यांत महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, बालकल्याण व महिलांच्या संस्थांचे प्रतिनिधी, शिक्षणतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ असावेत अशी रचना दिली. कल्पना चांगली होती. पण अशी समिती आपल्या जिल्ह्यात आहे, तिच्याकडे तक्रार करता येते, हे सामान्य प्रेक्षकाला कळणेही तितकेच गरजेचे होते.

कायदा कागदावर असणे आणि चालणे यांतील अंतर महाराष्ट्रात एका याचिकेने उघडे केले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि एक साधा प्रश्न विचारला : ज्या चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र आहे, म्हणजे जो अठरा वर्षांखालील मुलांना चित्रपटगृहात पाहता येत नाही, तो घरातील पडद्यावर भर दुपारी कसा चालतो? नियमांनुसार अनिर्बंध सार्वजनिक प्रदर्शनास योग्य नसलेला कार्यक्रम केबलवरून दाखवता येत नाही, आणि 'अनिर्बंध प्रदर्शन' याचा अर्थ १९५२ च्या चलच्चित्र कायद्यातून घ्यायचा आहे. मग 'ए' चित्रपट केबलवर मुळातच बेकायदा ठरतो. नियम दहा वर्षे तसाच होता आणि दहा वर्षे कोणी तो पाळला नव्हता, सरकारनेही पाळायला लावला नव्हता. न्यायालयाने अर्थ स्पष्ट केला : 'यू' किंवा 'यूए' प्रमाणपत्र नसलेला चित्रपट वाहिनीवर नको. ऑगस्ट २००६ मध्ये मुंबई पोलिसांनी केबल कंपन्यांवर छापे घालून उपकरणे जप्त केली आणि शहरातील अनेक घरांतून चित्रपट वाहिन्या काही काळ दिसेनाशा झाल्या. त्यानंतर वाहिन्यांनी न्यायालयात हमी दिली आणि प्रसारण सुरळीत झाले.

नैथानी यांचा प्रश्न रास्त होता, यात शंका नाही. न्यायालयानेही नवा कायदा केला नाही. आहे तो वाचून दाखवला. परंतु परिणाम काय झाला, हे पाहिले तर नियमनाची खरी अडचण समोर येते. चित्रपटांना दूरचित्रवाणीसाठी पुन्हा प्रमाणपत्र घ्यावे लागू लागले, 'ए' चित्रपटांतील दृश्ये कापून त्यांना 'यूए' करून घेण्याचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला, आणि चित्रपट प्रमाणन मंडळ, जे चित्रपटगृहांसाठी निर्माण झाले होते, ते घरातील पडद्याचेही द्वारपाल बनले. दुसरीकडे दैनंदिन मालिका, रिअॅलिटी शो, विनोदी कार्यक्रम आणि गुन्हेगारीच्या सत्यकथा यांना पूर्वतपासणी नाही. त्यामुळे जे दृश्य चित्रपटात असल्यास कापले जाते, तेच एखाद्या मालिकेत असल्यास प्रथम दिसते आणि मग, तक्रार झालीच तर, चर्चेला येते. सर्वांना पूर्वतपासणी लावावी असा याचा अर्थ नाही. चोवीस तास चालणाऱ्या शेकडो वाहिन्यांची आधी तपासणी करणे अशक्य आहे आणि ते शक्य असते तरी अनिष्ट ठरले असते. एकाच खोलीतील एकाच पडद्यासाठी दोन परस्परविरोधी तत्त्वे लावली आहेत, एवढेच येथे दाखवायचे आहे.

प्रसारण झाल्यानंतर केंद्र सरकार जी कारवाई करते, तिचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. जानेवारी २००७ मध्ये 'एएक्सएन' वाहिनी जगातील मादक जाहिरातींवरील कार्यक्रमामुळे दोन महिन्यांसाठी बंद करण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी 'एफटीव्ही' ही फॅशनची वाहिनी दोन महिन्यांसाठी आणि २०१० मध्ये पुन्हा नऊ दिवसांसाठी बंद झाली. 'कॉमेडी सेंट्रल'वर २०१३ मध्ये दहा दिवसांची बंदी आली आणि ती न्यायालयात गेली. या सर्व प्रकरणांत कार्यक्रम एक होता आणि शिक्षा संपूर्ण वाहिनीला झाली. जणू मासिकातील एका कथेसाठी छापखान्यालाच कुलूप लावावे. तक्रार ऐकणारे, चूक ठरवणारे आणि शिक्षा देणारे हे तिन्ही एकाच मंत्रालयाच्या छताखाली होते. विविध मंत्रालयांच्या अधिकाऱ्यांची समिती शिफारस करते आणि माहिती व नभोवाणी मंत्रालयच आदेश काढते. काकोडकरांना जे मिळाले, म्हणजे स्वतंत्र न्यायाधीश, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद आणि अपील, ते वाहिनीला मिळते ते नंतर, स्वतः न्यायालयात गेल्यास, आणि तोपर्यंत बंदीचे दिवस बहुधा संपून जातात.

वाहिन्यांनी स्वतःवर स्वतः लक्ष ठेवावे, हा दुसरा मार्ग २०११ मध्ये आला. प्रसारकांच्या संघटनेने प्रसारण आशय तक्रार परिषद स्थापन केली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते मूळचे सोलापूरचे, दिल्ली उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश अजित प्रकाश शहा. या परिषदेच्या नियमांत कार्यक्रमांचे दोन वर्ग केले : सर्वांसाठीचे, आणि मर्यादित प्रेक्षकांसाठीचे, जे रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळातच दाखवावेत. वेळेची ही सीमारेषा जगभर रूढ आहे. ब्रिटनमध्ये ती रात्री नऊची आहे. अमेरिकेत तिच्यामागे एक प्रसिद्ध खटला आहे : न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने १९७३ मध्ये जॉर्ज कार्लिन या विनोदवीराचे शिव्यांविषयीचे भाषण दुपारी दोनच्या सुमारास लावले, मुलासह मोटारीतून चाललेल्या एका वडिलांनी तक्रार केली, आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, प्रसारणाचे नियमन करणाऱ्या सरकारी आयोगाची बाजू उचलून धरली. रेडिओ न विचारता घरात शिरतो आणि तो लहान मुलेही ऐकतात, म्हणून त्याला छापील मजकुरापेक्षा कमी स्वातंत्र्य, हे त्या निकालाचे कारण होते. तेथे आज रात्री दहा ते सकाळी सहा ही मोकळीक आहे.

घड्याळाने घातलेली मर्यादा ही बंदीपेक्षा निश्चितच बरी, कारण तिच्यात प्रौढाचा हक्क राहतो. पण हे घड्याळ कोणाच्या घरातील आहे, हेही पाहायला हवे. अकरा वाजता मुले झोपतात आणि मोठी माणसे जागी राहतात, हे कुटुंब दिवसा कचेरीत जाणाऱ्या माणसाचे आहे. चाकण, महाळुंगे, भोसरी या पट्ट्यात तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यांतील कामगार दुसरी पाळी करून रात्री उशिरा परततो, तेव्हा एका खोलीच्या घरात दिवा लागतो, जेवण होते, टीव्ही सुरू होतो आणि मुलेही जागी होतात. तिसऱ्या पाळीच्या माणसाची रात्र सकाळी सुरू होते, तेव्हा त्याच्यासाठी फक्त सर्वांसाठीचेच कार्यक्रम असतात. नियम सर्वांना एक असला, तरी तो सर्वांना सारखा लागत नाही. आणि हे मंत्रालयाला कळण्याचा मार्गच नसतो, कारण तक्रार करणारा, परिषदेवर बसणारा आणि नियम लिहिणारा हे तिघेही बहुधा अकराला मुले झोपवणाऱ्या घरांतून येतात.

शिवाय घड्याळालाही मंत्रालय मानतेच असे नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये 'द डर्टी पिक्चर' हा चित्रपट पन्नासहून अधिक ठिकाणी कापून 'यूए' प्रमाणपत्र घेऊन रविवारी वाहिनीवर दाखवायचा ठरला होता. प्रमाणपत्र सरकारी मंडळाचे होते, आणि त्याच चित्रपटातील भूमिकेसाठी विद्या बालन यांना नुकताच राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला होता, तोही याच मंत्रालयाच्या अखत्यारीतील. तरीही ऐन वेळी मंत्रालयाने तो रात्री अकरानंतरच दाखवावा, असे कळवले आणि ठरलेले प्रसारण रद्द झाले. डिसेंबर २०१७ मध्ये कंडोमच्या जाहिराती सकाळी सहा ते रात्री दहा दाखवू नयेत, असे सल्लापत्र निघाले. राजस्थान उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर, ज्या जाहिराती उत्तान नाहीत त्यांना ही अट नाही, असा खुलासा करण्यात आला. ज्या राज्यात कर्व्यांनी लैंगिक प्रश्नांविषयी मोकळेपणाने छापल्याबद्दल दंड भरला, तेथील प्रेक्षकाला या सल्लापत्रातील विसंगती वेगळी सांगावी लागत नाही : एड्स आणि लोकसंख्या यांविषयीच्या सरकारी मोहिमांना जी वस्तू हवी आहे, तीच मुलांच्या वेळेत नको आहे.

या सगळ्या गोंधळावर उपाय शोधण्यासाठी नव्या समितीची गरज नाही, कारण उपाय ९ फेब्रुवारी १९९५ पासून लिहून ठेवलेला आहे. माहिती व नभोवाणी मंत्रालय विरुद्ध क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल या प्रकरणात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही आणि खासगी कंपन्यांचीही असू शकत नाही. म्हणून सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक प्राधिकरणाने तिचे नियमन करावे आणि केंद्राने त्यासाठी पावले उचलावीत. न्यायमूर्ती सावंत पुढे वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष झाले. १९९७ मध्ये प्रसारण प्राधिकरणाचे विधेयक संसदेत आले आणि लोकसभा विसर्जित झाल्याने बारगळले. प्रसार भारती झाली, पण ती आकाशवाणी-दूरदर्शनपुरती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे वाहिन्यांचे दर आणि जोडण्या गेल्या, आशय गेला नाही. २०२१ मध्ये केबल नियमांत तीन पातळ्यांची रचना आली : पहिली वाहिनी स्वतः, दुसरी प्रसारकांची संस्था, आणि तिसऱ्या पातळीवर पुन्हा मंत्रालयच. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला, त्याची व्याप्ती इंटरनेटवरील आशयापर्यंत नेण्यात आली, टीका झाली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुधारित मसुदा मागे घेण्यात आला. जनविश्वास कायद्याने २०२३ मध्ये केबल कायद्यातील तुरुंगवास काढून त्याजागी ताकीद, सल्ला आणि दंड आणले, हा एक समंजस बदल म्हणता येईल; पण शिक्षा कोण देणार, याचे उत्तर त्याने बदलले नाही.

इंटरनेटच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा एकदा पुढाकार घेतला. डिजिटल माध्यमांनाही नीतिसंहिता लावणारे २०२१ चे नियम आले, तेव्हा 'द लीफलेट' हे संकेतस्थळ आणि ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे यांच्या याचिकांवर १४ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने त्या नियमांपैकी संहिता बंधनकारक करणाऱ्या भागाला स्थगिती दिली. मूळ कायद्यात नसलेला अधिकार नियमांतून निर्माण करता येत नाही, हा त्यामागील विचार होता. तोच विचार केबलच्या नियम ६ मधील सुरुचीला लावला, तर काय उरेल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. फोनवरील आशयाचे नियमन हा मोठा आणि स्वतंत्र विषय आहे; एवढे मात्र खरे की २०२४ आणि २०२५ मध्ये अश्लील आशयासाठी अनेक अॅप बंद करण्याचे आदेश निघाले, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली, आणि तेथेही ठरवणारे मंत्रालयच होते.

स्वतंत्र प्राधिकरण आल्यास अश्लीलतेचा प्रश्न सुटेल, असे मानण्याचे कारण नाही. ब्रिटनच्या ऑफकॉम या प्रसारण नियामकावर दोन्ही बाजूंनी टीका होते आणि अमेरिकेच्या आयोगाने काढलेले आदेश २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, आधी पुरेशी सूचना दिली नव्हती म्हणून, रद्द केले. फरक एवढाच की ऑफकॉमचे निर्णय कारणांसह छापले जातात, कोणत्या दृश्याला कोणत्या नियमाने हरकत घेतली हे कोणालाही वाचता येते, आणि पुढच्या निर्मात्याला सीमा कोठे आहे हे आधी कळते. केसकरांची सीमा कोणाला आधी कळत नव्हती; 'द डर्टी पिक्चर'च्या निर्मात्यालाही कळली नाही.

असे प्राधिकरण येईपर्यंत प्रेक्षकाने काय करावे, याचे उत्तर कायद्यातच आहे आणि ते वापरले जावे. महाळुंग्यातील वा कोणत्याही गावातील ज्या प्रेक्षकाला एखादा कार्यक्रम मुलांसमोर नको वाटतो, त्याने वाहिनीचे नाव, तारीख, वेळ आणि दृश्य लिहून वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करावी, समाधान न झाल्यास प्रसारकांच्या संस्थेकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेख समितीकडे जावे, आणि प्रत्येक टप्प्यावर निर्णय कारणांसह लेखी मागावा. ज्याला एखाद्या कार्यक्रमावरील बंदी अन्यायाची वाटते, त्यानेही त्याच पत्त्यावर, तेवढ्याच हक्काने, कारणे लेखी मागावीत.